इतकं खाली आता कुणी जात नाही

दादाचा मुलगा चिन्मय लढाईत ड्रोनच्या पडद्यावरून खालचं बघण्याच्या कामाला जाणार आहे, आणि त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जातच नाहीये. "आत्या, आता कुणाला इतकं खाली जावं लागत नाही. सगळं पडद्यावर दिसतं." मला धीर द्यायला म्हणाला, तेवढं कळतं मला. दादा मान हलवून मोकळा झाला. वहिनीचं इथे लिहीत नाही.

आणि बोलायचं कुणाशी? मी हे सगळं वाचते म्हणजे मला लढायांची हौस आहे, असंच घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय. रात्र रात्र झोप लागत नाही ती काय हौसेने? कुणी एकदा तरी विचारावं की बाई, तुला नेमकं काय टोचतंय.

टोचतंय ते असं. व्हिएतनाम युद्धातले ते अमेरिकन फॉरवर्ड एअर कंट्रोलर, म्हणजे खालून सावकाश उडत बॉम्ब टाकणाऱ्या जेट विमानांना लक्ष्य दाखवणारे वैमानिक. त्यांचं बर्ड डॉग म्हणजे सेस्नाचं इवलंसं विमान, एकामागे एक दोन जागा, ताशी शंभर-सव्वाशे मैलांचा वेग, चिलखत नाही. गोळ्या खालून यायच्या म्हणून काही जण अंगात घालायचं जॅकेट बुडाखाली घेऊन बसायचे. पंखाखाली पांढऱ्या फॉस्फरसची रॉकेटं, तीही खुणेच्या धुरासाठी. जेट विमानाच्या वैमानिकाला त्या वेगात खाली नुसतं हिरवं दिसणार. त्या हिरव्यात आपले कुठे आणि शत्रू कुठे, हे सावकाश उडणाऱ्या कुणीतरी सांगायला हवं. हा धूर सोडणार आणि वरच्यांना सांगणार, धुराच्या उत्तरेला इतके मीटर. मग 'क्लिअर्ड हॉट'. तो हे म्हणेपर्यंत बॉम्ब टाकायचा नाही.

एका जुन्या फोटोत त्या विमानाची बाजूची काच दिसली. काचेवर तेलकट पेन्सिलीने आकडे लिहिलेले. कुठली विमानं आली, त्यांच्याकडे कोणते बॉम्ब, किती वेळ थांबू शकतील, आपली माणसं कुठे. एका कानात जमिनीवरची तुकडी, दुसरीकडे वरची जेट विमानं, शिवाय मुख्यालय, आणि एका हाताने विमान वळवत हे लिहायचं. अक्षर वाकडंतिकडं, घाईचं. काम संपलं की फडक्याने पुसायचं आणि पुढचा हल्ला त्याच काचेवर. मी त्या अक्षरांकडे किती वेळ बघत बसले. त्याच काचेतून तो खाली बघत होता ना.

आणि बघायचा तरी किती! दक्षिण व्हिएतनाममध्ये यातल्या कितीतरी जणांना ठरलेला मुलूख नेमून दिलेला असायचा. रोज तोच. शेतकऱ्याला आपला बांध माहीत असावा तशी त्यांना प्रत्येक पायवाट माहीत. कोणती नव्याने मळलीय, कुठल्या घराबाहेर नेहमीपेक्षा जास्त कपडे वाळत आहेत, कामाच्या वेळेला भाताच्या खाचरात माणसं का नाहीत. यावरून ओळखायचं की रात्री इथे कुणीतरी आलंय. म्हणजे त्या गावाला वरून सगळ्यात जास्त ओळखणारा माणूस तोच, आणि तिथे बॉम्ब बोलावणाराही तोच. हे मला गिळता येत नाही. पुन्हा पुन्हा तिथेच येऊन अडकते मी.

पण थांबवणाराही तोच होता. खाली बायकापोरं दिसली, आपली तुकडी फार जवळ वाटली, तर 'नाही' म्हणायची मुभा त्याच्याकडे होती. वेगात वर असलेल्याकडे ती असून नसल्यासारखी, कारण त्याला काही दिसतच नव्हतं.

असाच एक कंट्रोलर, कॅप्टन हिलियर्ड विल्बँक्स. 24 फेब्रुवारी 1967, दा लातच्या बाजूला. चहाच्या मळ्यात दबा धरून बसलेले शत्रूचे सैनिक त्याला वरून दिसले आणि दक्षिण व्हिएतनामी रेंजर्स सरळ त्यांच्याकडेच चाललेले. त्याने रेडिओवर सांगितलं, विमानं मागवली. ती यायला वेळ होता. धुराची रॉकेटं संपली तेव्हा त्याने बाजूच्या खिडकीतून रायफल बाहेर काढली आणि झाडांच्या उंचीवरून गोळ्या झाडत घिरट्या घातल्या, शत्रूचं लक्ष आपल्याकडे वळावं म्हणून. तिसऱ्या फेरीत त्याला गोळी लागली. रेंजर्स माघार घेऊ शकले, तो वाचला नाही.

दुसरा कंट्रोलर स्टीव्हन बेनेट, त्याचं तर मी दोनदा वाचायला घेऊन बंद केलं. 29 जून 1972, क्वांग त्री. क्षेपणास्त्राने डावं इंजिन गेलं. बेनेटचं पॅराशूट ठीक होतं, मागे बसलेल्या निरीक्षकाच्या पॅराशूटच्या चिंध्या झालेल्या. त्याचं ते दोन इंजिनांचं ब्रॉन्को, तसलं विमान पाण्यावर उतरवून तोवर एकही वैमानिक जगलेला नव्हता, हे त्याला माहीत होतं. तरी समुद्रावर उतरवलं. मागचा वाचला.

आता चिन्मयची बाजू. खाली जावं लागलं नसतं तर विल्बँक्स त्या दिवशी मेला नसता. उत्तर व्हिएतनामकडे विमानभेदी तोफा वाढल्यावर तिथे बर्ड डॉगचा निभाव लागेना, म्हणून 1967 मध्ये 'मिस्टी'वाले, म्हणजे रेडिओवर 'मिस्टी' हे नाव घेणारे कंट्रोलर, दोन आसनी एफ-100 जेट घेऊन त्याच कामाला गेले. एक जण उडवायचा, दुसरा नकाशा सांभाळत बघायचा. तिथून पडद्यापर्यंत वाट सरळच आहे. आपल्याकडे लोंगेवालाला 5 डिसेंबर 1971च्या सकाळी मेजर आत्मा सिंग छोट्या 'कृषक' विमानातून आपल्या वायुसेनेच्या हंटर जेट विमानांना पाकिस्तानी रणगाडे दाखवत होते. त्यांच्या घरच्यांना विचारलं असतं, पडदा की कृषक, तर काय म्हणाले असते ते उघड आहे. मीही तेच म्हणेन. आपला मुलगा असला की आपण सगळे तेच म्हणतो.

हे लिहिताना जरा शांत वाटलं, खोटं कशाला बोलू. कारण एक लक्षात आलं. पडद्यावर बघणारेही एकेका घरावर दिवसचे दिवस नजर ठेवून असतात. कोण कधी बाहेर येतं, पोरं कुठे खेळतात, सगळं. हल्ल्यानंतर काय उरलं तेही त्यांनाच बघावं लागतं, आणि त्याने कित्येकांची झोप उडालेली आहे. उंची वाढली, बघणं काही सुटलं नाही. मग मला भीती वाटत होती ती चिन्मयला काही दिसणार नाही याची, की सगळं दिसेल याची? दोन्हींची असावी. दोन्ही भीती एकदम बाळगता येतात, त्यातली एक निवडायलाच हवी असं कुणी सांगितलंय?

दादाचं म्हणणं, हे वाचणं बंद कर. ते होणार नाही. मिस्टीवाल्यांचं अजून बरंच राहिलंय, आणि मागच्या जागेवर बसून नुसतं बघत राहणाऱ्याचं तर मी अजून काहीच नीट वाचलेलं नाही. उद्यापासून तेच.