तुम्ही विचारलंत म्हणून: विटा बघायला इंग्लंडात कशाला?

इंग्लंडहून परतल्यावर फोटो दाखवले की प्रत्येक घरी एकच प्रश्न येतो. "तुझ्या वडिलांचा जन्म विटा रचण्यात गेला. तिथं जाऊनही तू विटाच बघितल्यास?" वडील गवंडी होते, म्हणूनच बघितल्या.

नॉरफकमधला ऑक्सबरा हॉल हा वाडा मला बघायचा होता. सर एडमंड बेडिंगफेल्ड यांना 1482 साली राजा चौथ्या एडवर्डकडून तटबंदी आणि कंगोरे बांधायचा परवाना मिळाला. त्या मुलखात बांधकामाचा चांगला दगड नाही. शेतात गारगोटी निघते, पण ती वेडीवाकडी, तिचा कोपरा साधत नाही. चिकणमाती होती, म्हणून भट्टी लागली. तेव्हा तिथं वीट हा गरिबाचा माल नव्हता. विटेचं घर बांधणं ही ऐपत दाखवण्याची गोष्ट होती, आणि हे आपल्याकडे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

भोवती पाण्याचा खंदक आणि समोर सुमारे 80 फूट उंचीचा दरवाजा, दोन्ही बाजूंना अष्टकोनी बुरूज. लांबून किल्लाच वाटतो. जवळ गेलं की दरवाजावरच्या मोठमोठ्या खिडक्या दिसतात. लढाईची भीती असणारा माणूस बाहेरच्या अंगाला एवढ्या खिडक्या ठेवील का? हे घरच आहे, फक्त किल्ल्याचा पोशाख घातलेलं. 1487 साली राजा सातवा हेन्री इथं येऊन गेला, ती 'राजाची खोली' अजून दाखवतात. पुढे बेडिंगफेल्ड घराणं कॅथलिकच राहिलं, आणि इंग्लंडात कॅथलिक धर्मगुरूंना आसरा देणं गुन्हा ठरला, तेव्हा याच दरवाजातल्या शौचकूपाच्या फरशीखाली माणूस लपेल एवढी जागा केली गेली.

पण मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो बुरुजातल्या गोल जिन्यात. डोक्यावर पायऱ्यांचा तळ विटेचा, कमानीसारखा वळत वर जाणारा. आणि भिंतीत खोबणीसारखा बसवलेला, हात धरायचा कठडाही विटेचाच. तो नुसता गोल फिरत नाही, फिरता फिरता चढतोही. म्हणजे वीट एकाच वेळी दोन दिशांनी वळते. तिथं ओळंबा लावून आणि सूत धरून भागत नाही. वीट साच्यात तशी घडवायची, नाहीतर भाजल्यावर तासायची, आणि शेजारणीशी जुळवायची. वडिलांनी एकदा विहिरीची गोल भिंत बांधली होती, तेव्हा दिवसाकाठी दोन-तीन थरच चढायचे. ते आठवलं आणि मी कठड्यावर हात ठेवून तसाच उभा राहिलो. राजाचं नाव कळतं, मालकाचं कळतं. हा कठडा रचणाऱ्याचं नाव तिथल्या पाटीवर मला दिसलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

वाडा जसाच्या तसा मात्र टिकलेला नाही. 1775 मध्ये मुख्य दिवाणखान्याची बाजू पाडली, एकोणिसाव्या शतकात डागडुजी करताना नवे भागही जोडले. 1951 मध्ये तो विकला गेला आणि पाडलाच जायचा होता. घराण्यातल्या बायकांनी तो परत विकत घेतला आणि 1952 मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवाली केला. त्यांनी पैसे उभे केले नसते, तर तो जिनाही ढिगाऱ्यात गेला असता.

घरी आल्यावर वडिलांना जिन्याचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, कठड्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दर्ज बघ किती बारीक ठेवलीय. चुन्यातलं काम आहे ना हे?"

मी हो म्हटलं. मग त्यांनी पुढचा फोटो मागितला.