मांडवा ते रत्नागिरी सायकलवर: चार फेरीबोटी आणि मधले चढ

कोकण किनाऱ्यानं सायकल चालवायची म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला नारळ-पोफळी आणि रस्ता परातीसारखा सपाट. समुद्र उजव्या हाताला असतो, वाड्याही असतात. सपाटीचं मात्र विसरा. सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी इथे खाडी होऊन समुद्राला मिळते आणि दोन खाड्यांच्या मधे जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, उभा असतो, शंभर-दीडशे मीटर उंच. गावं खाली पुळणीच्या नाहीतर खाडीच्या काठाला, रस्ता सड्यावर. म्हणजे गाव आलं की उतार आणि गाव सुटलं की चढ. वरंधा किंवा ताम्हिणी चढलेल्या माणसाला शंभर मीटरचं काय, असं आमच्या सातजणांतला डॉक्टरही निघताना म्हणत होता. दाभोळच्या अलीकडे तो काही म्हणेनासा झाला.

म्हणून पहिला सल्ला: या रस्त्यावर किलोमीटरांवरून दिवसाचा हिशोब करू नका. देशावर शंभर-सव्वाशे किलोमीटर सहज मारणाऱ्यांनी इथे साठ-सत्तर धरावेत आणि त्यातही आज कुठली खाडी ओलांडायची हे आधी ठरवावं. मांडवा ते रत्नागिरी अशा चार खाड्या फेरीबोटीनं ओलांडाव्या लागतात: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. चारही बोटींवर गाड्या चढतात, त्यामुळे सायकलला कुणी नाही म्हणत नाही. तिकीट किरकोळ. पण बोट सुटली की पुढचीची वाट बघत धक्क्यावर ऊन खात बसावं लागतं आणि संध्याकाळची शेवटची बोट चुकली तर पलीकडचं गाव समोर दिसत असूनही रस्त्यानं लांबचा वळसा पडतो. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. आदल्या मुक्कामी घरमालकांना विचारा, त्यांना पाठ असतात.

या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. रेवस ते रेडी असा सलग सागरी महामार्ग अंतुल्यांच्या काळापासून ऐकू येतो आहे. बाणकोटच्या खाडीत (बागमांडला-वेसवी) पुलाचे खांब दिसतात, त्यांच्याकडे बघत आपण बोटीनंच पलीकडे जातो. पूल झाले की मोटारवाल्यांची सोय होईल. आमचा मात्र एकमतानं असा ठराव झाला की ते होण्याआधी येऊन गेलो ते बरं झालं. बोटीवर पाय मोकळे होतात आणि मासळीची टोपली घेतलेल्या मावशी "खंयसून आलात" म्हणून चौकशी करतात. शिवाय पुढचा चढ समोरून नीट दिसतो, हा फायदा की तोटा ते ज्यानं त्यानं ठरवावं.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. थंडीच्या दिवसांत सकाळी वारा जमिनीकडून येतो, फार त्रास देत नाही. दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या पाठीशी राहतो. उलट दिशेनं येणारा एक गट आम्हाला गुहागरच्या पुढे भेटला, त्यांची तोंडं बघून दुसरा पुरावा लागला नाही. महिने म्हणाल तर नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळा, खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाव विचारवत नाही. शिमग्यात पालख्या बघायला जरूर जा, पण मग सायकल घरी ठेवा. मार्चपासून ऊन आणि दमट हवा मिळून माणसाला उकडून काढतात.

मुंबईहून निघणाऱ्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट सगळ्यात सोयीची. तासाभरात पलीकडे, सायकल न सोडता. मांडवा ते अलिबाग रस्त्यावर शनिवार-रविवारी मोटारींची रांग असते, तेव्हा निघण्याचा दिवस आठवड्यातला ठेवा. रेवदंड्याचा पूल ओलांडला की गर्दी विरळ होते. पुलापलीकडे कोर्लईला थांबा. किल्ल्याच्या पायथ्याच्या या गावात पोर्तुगिजांपासून उतरलेली एक मिश्र बोली आजही घराघरांत बोलली जाते. आम्ही चहाला बसलो तिथे दोन आजोबा आपसात तीच बोलत होते आणि आमच्याशी अस्सल आगरी वळणाची मराठी. काशीद ओलांडून मुरुडपर्यंतचा रस्ता वरखाली असला तरी दमवत नाही. पुण्याच्या मंडळींनी हा तुकडा सोडून ताम्हिणी-माणगाव-म्हसळा असं सरळ श्रीवर्धनला उतरलं तरी चालेल, पण मग पुढचा परिच्छेदच तुमच्या हातून निसटेल.

दिवेआगर ते श्रीवर्धन, आरावी-शेखाडीवरून जाणारा रस्ता, हा या अख्ख्या वाटेतला सगळ्यात सुंदर तुकडा आहे असं माझं ठाम मत आहे. इथे रस्ता सड्यावर न जाता खडकाला चिकटून पाण्याच्या काठानं जातो. सकाळी साडेसातला निघालात तर वाहन क्वचित दिसतं. डोंगराची सावली रस्त्यावर आणि ऊन फक्त पाण्यावर, अशी दीड-दोन तासांची चैन मिळते. आमच्यातल्या बँकवाल्यानं इथे इतके फोटो काढले की त्याला शेवटी तंबी द्यावी लागली. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या वाड्या याच पट्ट्यातल्या. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानं इथली नारळ-पोफळीची झाडं आडवी केली आणि पोफळ लावल्यावर उत्पन्न यायला वर्षं लागतात. जुन्या उंच झाडांच्या मधे एकसारख्या बुटक्या नव्या झाडांच्या रांगा दिसल्या की ती जखम ओळखता येते.

हरिहरेश्वर करून बागमांडल्याला उतरलं की सावित्री ओलांडायची आणि रत्नागिरी जिल्हा सुरू. इथून पुढे खरी परीक्षा. वेसवीहून वर चढायचं, केळशीला खाली यायचं, उटंबरला पुन्हा चढायचं. आडे-पाडले भागात मात्र रस्ता पुन्हा समुद्राला लागतो आणि आंजर्ल्यापर्यंत सगळं माफ होतं. कड्यावरचा गणपती नावाप्रमाणे कड्यावर आहे. सामान खाली मुक्कामी ठेवून रिकाम्या सायकलनं किंवा पायी जा, लादलेली सायकल वर नेण्यात पुण्य नाही. पूल ओलांडून हर्णैला संध्याकाळी पोहोचा, म्हणजे मासळीचा लिलाव बघायला मिळेल. समोर सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर होड्या, आणि बोली इतक्या वेगानं लागते की आमच्या बँकवाल्यालाही भाव कळेना.

मुरुड (दापोलीचं, जंजिऱ्याचं नव्हे), कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे अशी गावं घेत दाभोळला जाताना चढ-उतार मोजायचं सोडून द्या. सायकलीचं बोलायचं तर इथेच बोलायला हवं. पुढे एकच मोठी चकती असलेली रेसिंगची सायकल घेऊन येऊ नका. पुढची लहान चकती आणि मागची मोठी, एवढा हलका गिअर असेल तरच सामानासकट वर जाल. टायर पस्तीस-चाळीस मिलिमीटरचा असावा, कारण वळणावर लाल मातीची बारीक पूड असते आणि अरुंद टायर तिच्यावर घसरतो. ब्रेकचे पॅड नवे घालून निघा, एक जोडी जवळ ठेवा. दाभोळच्या उतारावर ब्रेक सतत दाबून न धरता टप्प्याटप्प्यानं मारा. गावातल्या पंक्चरवाल्याकडे हवा असते, पण त्याचा पंप मोटारसायकलच्या व्हॉल्व्हला बसतो. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर दहा-वीस रुपयांचं पितळी अडॅप्टर खिशात हवंच. डिरेल्युअर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) ज्यावर बसतो तो हँगर दापोलीतही मिळण्याची आशा धरू नका, आपल्या सायकलचा जादा घेऊन जा.

दाभोळची फेरीबोट वासिष्ठी ओलांडून धोपाव्याला सोडते. चढ संपवून गुहागरला पोहोचलं की मुक्कामच करावा असं गाव आहे. व्याडेश्वराचं देऊळ, मागे सरळ लांबच लांब किनारा, मधे वाड्या. इथून पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ. पालशेतचा उतार आणि नंतरचा चढ लक्षात राहतो. हेदवीला भरतीच्या वेळी बामणघळ बघा, खडकाच्या चिरेत पाणी घुसून वर उसळतं. ओहोटीला गेलात तर तिथे नुसती चीर दिसते, मग उगाच नावं ठेवू नका.

खाण्याबद्दल. दिवेआगर, केळशी, आंजर्ले, गुहागर या गावांतल्या घरगुती खानावळी चांगल्या, पण आधी सांगितल्याशिवाय काही मिळत नाही. दुपारी दोनला सात भुकेली माणसं दारात उभी राहिलेली बघून एका काकूंनी "सांगितलं असतंत तर केलं असतं हो" म्हणत तरीही आम्हाला पिठलं-भात वाढला. दर वेळी अशा काकू भेटतील असं नाही. सकाळी निघतानाच पुढच्या गावात फोन करून पानांचा आकडा सांगा. यातल्या बऱ्याच खानावळी शाकाहारी. मासे हवे असतील तर हर्णै, श्रीवर्धन. सड्यावर मैलोगणती टपरीही नसते, म्हणून प्रत्येकाकडे दोन-अडीच लिटर पाणी पाहिजे. डॉक्टरनं सगळ्यांच्या एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू सक्तीचं केलं होतं. पुढे त्याच्या जागी कोकमाचं आगळ, मीठ आणि साखर आली, तीही तितकीच कामाची. गोळे कुणाच्या पायाला आले नाहीत. उताराखालच्या गावांत फोनला रेंज नसते, तेव्हा पैसे रोख ठेवा.

तवसाळहून शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड. बंदरामुळे सुरुवातीला अवजड ट्रक भेटतात, एकामागे एक चालवा आणि मागचा दिवा दिवसाही चालू ठेवा. मालगुंड-गणपतीपुळे ओलांडल्यावर आरेवारेच्या वळणावर सगळेच थांबतात, मोटारी आडव्यातिडव्या लावलेल्या असतात. फोटो तिथे न काढता वळणाच्या जरा पुढून काढा, दोन्ही किनारे तितकेच छान दिसतात आणि कुणाच्या दारावर आदळायची भीती नाही.

रत्नागिरीचं स्टेशन गावाबाहेर, आणि अर्थातच चढावर. सायकल रेल्वेनं आणायची तर स्वतःच्या तिकिटावर लगेज म्हणून बुक करा, म्हणजे ती शक्यतो तुमच्याच गाडीनं येते. पार्सल म्हणून टाकली तर कधी येईल ते तिच्या नशिबावर. पार्सल कार्यालयात गाडीच्या दोन तास आधी पोहोचा, ओळखपत्राची झेरॉक्स बरोबर ठेवा, पेडल आतल्या बाजूनं फिरवून घ्या आणि डिरेल्युअरला पुठ्ठा बांधा. पुठ्ठा आणि सुतळी गावातल्या कुठल्याही किराणा दुकानात मिळते, स्टेशनवर मिळत नाही. बाटल्या, पंप, दिवे काढून पिशवीत टाका. सात सायकली एकदम बघून कारकुनाच्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून एकानंच पुढे होऊन सगळ्यांचे कागद एकत्र द्यावेत. आमच्यात हे काम शाळामास्तरांकडे होतं. त्यांनी सगळे अर्ज आधीच सुवाच्य अक्षरात भरून आणले होते, त्यामुळे आमच्या सायकली वेळेत डब्यात चढल्या.