पिवळं व्हॅनाडेट

डार्करूममधून बाहेर आले तेव्हा हातातली फिल्म कोरी होती. कडेला मी पेनाने मारलेल्या मार्करच्या खुणा तेवढ्या दिसत होत्या. सलग तिसऱ्यांदा.

मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. जुलै महिना, कुर्ल्याला रुळांवर पाणी, डोंबिवलीहून निघालेली मी साडेअकराला कशीबशी पोचलेली. माझ्या गाइड मॅडम यायच्या आत फिल्म बघायची आणि वाईट निघाली तर गुपचूप कचऱ्यात टाकायची, असा बेत होता. तो फसला. मॅडम दाराशीच उभ्या होत्या.

काम तसं पाठ्यपुस्तकातलं. कोंबडीत कर्करोग करणाऱ्या रूस सार्कोमा विषाणूचं सार्क नावाचं जनुक आम्ही उंदराच्या फायब्रोब्लास्ट म्हणजे जोडऊतीतल्या पेशींत घातलं होतं. पेशी बिघडल्या होत्या यात शंकाच नव्हती. साध्या पेशी मायक्रोस्कोपखाली चपट्या, लांबोळ्या, एकमेकींना धक्का न लावता दुपारच्या लोकलच्या रिकाम्या डब्यात बसल्यासारख्या दिसतात. सार्कवाल्या पेशी गोल गरगरीत, कडांना चकाकणाऱ्या, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या: संध्याकाळची बदलापूर फास्ट. डोळ्यांना जे धडधडीत दिसतंय ते फिल्मवर का उमटत नाही, एवढाच प्रश्न होता.

फिल्मवर शोधत होतो ते टायरोसीन या अमिनो आम्लावरचं फॉस्फेट. पेशीतली प्रथिनं जेलमध्ये वेगळी करून मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर घ्यायची, हव्या त्या गोष्टीला चिकटणारी अँटीबॉडी लावायची, ती जिथे चिकटेल तिथे फिल्म काळी पडते. पेशीतल्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटतं ते बहुतेक सेरीन आणि थ्रिओनीन या अमिनो आम्लांवर. टायरोसीनचा वाटा साध्या पेशीत दहा हजारांत तीन, म्हणजे नगण्यच. सार्क हे एन्झाइम नेमकं या टायरोसीनला गाठतं, आणि विषाणूने बिघडवलेल्या पेशीत हा वाटा सात-आठ पटींपर्यंत चढतो. अख्खा रोग एका अमिनो आम्लाच्या शेपटाला धरून हलतो, हे मला तेव्हाही चमत्कारिक वाटायचं, आजही वाटतं.

हे कळलं कसं, तो किस्सा मी विभागातल्या प्रत्येक सेमिनारला रंगवून सांगायचे. 1979 मध्ये अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर पॉलिओमा या दुसऱ्याच विषाणूच्या प्रथिनावर काम करत होते. फॉस्फेट लागलेली अमिनो आम्लं विजेच्या जोरावर पळवून वेगळी करायला जे बफर, म्हणजे ठरावीक आम्लतेचं द्रावण, वापरायचं त्याचा पीएच (आम्लतेचं माप) 1.9 हवा. यांनी ताजं करायचा कंटाळा केला, जुनंच पुन्हा वापरलं, आणि ते 1.7 वर उतरलेलं होतं. 1.9 ला फॉस्फोटायरोसीन आणि फॉस्फोथ्रिओनीन एकाच जागी पळतात, 1.7 ला वेगळे होतात. त्यामुळे कोणी न पाहिलेला ठिपका दिसला. त्याआधी सार्क थ्रिओनीनवर फॉस्फेट लावतं असंच समजत होते. 1980 मध्ये हंटर आणि सेफ्टन यांनी सार्क टायरोसीनवर फॉस्फेट लावतं हे छापलं.

मॅडमनी कोरी फिल्म उजेडाला धरली. "हंटरचं बफर जुनं होतं. तुझं काय जुनं आहे?"

मी गप्प.

मेम्ब्रेन पाँसो या प्रथिनं दाखवणाऱ्या रंगाने रंगवली होती, गुलाबी पट्टे व्यवस्थित होते, म्हणजे प्रथिन होतं. सार्कची अँटीबॉडी लावली होती तेव्हा साठ किलोडाल्टनला, म्हणजे सार्कच्याच वजनाला, पट्टा दणदणीत. एन्झाइम हजर, फॉस्फेट गायब. "मग कोणीतरी खातंय," मॅडम म्हणाल्या. पेशी फोडल्या की फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइमं मोकाट सुटतात. त्यांना अडवायला लायसिस बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडायच्या द्रावणात, सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट घालतात. "व्हॅनाडेट आण."

ट्यूब आणली. ट्यूबलाइटसमोर धरली आणि माझ्याच पोटात गोळा आला. फिकट पिवळं. लेबलवर माझंच अक्षर, एप्रिलची तारीख.

सीनियर बाहेरगावी गेला, त्याचा साठा संपला, म्हणून मी नवा केला होता. व्हॅनाडेट विरघळवून पीएच दहावर आणलं की ते पिवळं पडतं, कारण त्याचे रेणू एकमेकांना चिकटून घोळके करतात, आणि ते घोळके कामाचे नसतात. ते उकळायचं, रंग जाईपर्यंत. थंड करून पुन्हा पीएच बघायचा, पिवळं दिसलं तर पुन्हा उकळायचं. मला त्या दिवशी सहा पाचची लोकल पकडायची होती.

मॅडम ओरडल्या नाहीत, हे जास्त लागलं.

दुपारभर उकळत बसले. पाकाची तार बघावी तसा चंबू सारखा उजेडाला धरायचा. लॅबमधले काका येऊन उभे राहिले. "ताई, कोंबडीच्या रोगासाठी एवढं काय शिजवताय?" त्यांच्या मेव्हण्याला रक्ताचा कर्करोग, सीएमएल, तो इमॅटिनिब रोज घ्यायचा हे मला माहीत होतं. म्हटलं, ती गोळी अशाच टायरोसीनवाल्या एन्झाइमला अडवते. "म्हणजे कोंबडीतून आली?" म्हटलं, ते एन्झाइम आधी उंदराच्या विषाणूत सापडलं, पण जातकुळी हीच. रूस यांनी कोंबडीचं काम 1911 मध्ये छापलं आणि नोबेल मिळालं 1966 मध्ये, हेही सांगितलं. काकांनी हिशेब केला. "पंचावन्न वर्षं! आणि तुम्ही तीन फिल्मला रडताय."

तिसऱ्या उकळीला पाण्यासारखं झालं आणि थंड झाल्यावरही तसंच राहिलं. संध्याकाळी बर्फावर पेशी फोडल्या, जेल चढवला. सकाळी ब्लॉकिंगसाठी, म्हणजे अँटीबॉडी मेम्ब्रेनवर नको तिथे चिकटू नये म्हणून, सवयीने दूध पावडरीचा डबा उचलला तर मॅडम म्हणाल्या, "ते चहात घाल." दुधातल्या केसीन या प्रथिनावरच फॉस्फेट असतं, फॉस्फेट ओळखणारी अँटीबॉडी वापरताना त्याची भानगड नको, म्हणून बीएसए हे गाईच्या रक्तातलं प्रथिन वापरलं.

अर्ध्या मिनिटाच्या एक्स्पोजरला सार्कवाल्या पेशींची लेन (जेलमधली उभी रांग) वरपासून खालपर्यंत पट्ट्यापट्ट्यांनी काळी आली. शेजारची साध्या पेशींची जेमतेम करडी. डार्करूमच्या लाल दिव्यात ती ओली फिल्म हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. बाहेरून दार वाजलं तेव्हा भानावर आले.

पुढच्या सेमिनारला मी हंटरचा किस्सा पुन्हा रंगवला. जुनं बफर, 1.7, नवा ठिपका, लोक हसले. मागच्या रांगेतून मॅडमचा आवाज आला, "आता व्हॅनाडेटचं पण सांग."