माणसं झाडांसारखी

"दिसतं सगळं, पण समोर कोण उभंय ते कळत नाही." नाशिकच्या शरणपूरला आज उपासनेनंतर ख्रिस्ती देवळाच्या दारात, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एक आजी काळा चष्मा सावरत म्हणाल्या. पाळकसाहेब हसले, "आजी, हा तर मार्कचा आठवा अध्याय!"

तेव्हापासून मार्कच्या शुभवर्तमानातली, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकातली, तीच गोष्ट डोक्यात आहे. बेथसैदाच्या आंधळ्याला येशू हात धरून गावाबाहेर नेतो, डोळ्यांत थुंकतो, हात ठेवतो आणि चक्क विचारतो, काही दिसतंय का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालणारी. मग पुन्हा हात. दोन टप्प्यांत बरं झाल्याची चारही शुभवर्तमानांतली ही एकच गोष्ट.

आणि मार्कने ती ठेवलीय कुठे बघा. आधी १८व्या वचनात "डोळे असून दिसत नाही काय?" हा प्रश्न येतो, तो येशूला विरोध करणाऱ्या परूश्यांना नव्हे, त्याच्याच शिष्यांना. २९व्यात त्यांच्यातला पेत्र येशूला म्हणतो, तू ख्रिस्त, म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा, आहेस. अगदी बरोबर! पण ३२व्यात, ख्रिस्ताला दुःख सोसावं लागणार हे ऐकताच तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. ख्रिस्त दिसला, क्रूस नाही. झाडच ते.

आपल्या विश्वासाची साक्ष देताना आपण मात्र "माझे डोळे उघडले" असं तारखेसकट सांगतो. एकदाच, कायमचे.

आजींना पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणीला बोलावलंय. आपण शेवटचे कधी गेलो होतो?