जव्हारची वाडी बघायची तर एप्रिलमध्ये जा

तीन वर्षांपूर्वी जुलैत मी एका संस्थेच्या वृक्षारोपणासाठी जव्हार तालुक्यात आले होते. धो धो पाऊस, गुडघाभर चिखल, आणि आम्ही साठ जणांनी दुपारपर्यंत माळावर पाचशे रोपं लावली. मनापासून लावली. पुढच्या उन्हाळ्यात तिथून आलेल्या फोटोत वाळकं गवत सोडून काही नव्हतं. ते मनाला फार लागलं. म्हणून यंदा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मुद्दाम गेले. ज्यांच्या वाड्या, म्हणजे घरच्या छोट्या फळबागा, जगल्या ते नेमकं काय करतात, हे बघायचं होतं.

नाशिकहून त्र्यंबक-मोखाडामार्गे जव्हारला एसटी जाते. साधारण ऐंशी किलोमीटर; घाट आणि रस्त्याची कामं धरून तीन तास हाताशी ठेवा. मुंबईकडून येणाऱ्यांना पालघर किंवा भिवंडी-वाडा-विक्रमगड बरं पडतं. जव्हारच्या पुढे पाड्यांपर्यंत बस क्वचितच जाते. वडाप जीप मिळते, पण ती भरली की सुटते आणि संध्याकाळी लवकर बंद होते. परतीची सोय सकाळीच बोलून ठेवा. पाण्याची मोठी बाटली, टोपी, सुटे पैसे जवळ हवेत.

मोखाड्यानंतर ठिकठिकाणी धूर दिसतो. हा राब. भाताचं आणि नागलीचं रोप ज्या वाफ्यात टाकायचं तिथे झाडाच्या फांद्या, शेण, पालापाचोळा रचून पावसाआधी जाळतात. तण मरतं, रोप जोमाने येतं. पण त्यासाठी दरवर्षी ऐनाच्या फांद्या उतरवल्या जातात, आणि वर्षानुवर्षं छाटलेली ती झाडं खांबासारखी उभी दिसतात. याला अज्ञान म्हणणारे शहरात खूप भेटतात. मला ते पटत नाही. वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, हातात खताला पैसा नाही, अशा वेळी दुसरा उपाय समोर ठेवल्याशिवाय राब सोडा म्हणणं अन्याय आहे. मी गेले त्या पाड्यावर बांधावर गिरिपुष्प लावलंय. त्याचा कोवळा पाला वाफ्यात आणि खाचरात गाडतात. राब पूर्ण थांबलेला नाही, पण डोंगरावरून आणायच्या मोळ्या निम्म्याने कमी झाल्या, असं तिथल्या बायका सांगतात.

वाडीची कल्पना इथली नाही, गुजरातमधल्या वांसद्याची. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये बायफ ही संस्था स्थापन केली. तिने 1982 मध्ये वांसद्याच्या आदिवासी कुटुंबांबरोबर हे काम सुरू केलं. एका कुटुंबाच्या एक एकर वरकस जमिनीत आंबा आणि काजूची कलमं, मधल्या पट्ट्यात नागली, वरई, उडीद, आणि कडेने साग, खैर, शिवण, बांबू, सुबाभूळ. फळ कुटुंबाचं, कडेचं झाड सरपणाचं, पाल्याचं आणि वाऱ्याला आडोसा. पुढे 2003-04 मध्ये नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या बँकेने आदिवासी विकास निधी उभारला आणि हीच रचना इतर राज्यांत गेली.

माझी राहण्याची सोय एका वारली मावशींकडे होती. त्यांची वाडी दुसऱ्या वर्षात आहे. तीस आंबे, तीस काजू. सकाळी सहाला त्या हंडे घेऊन निघाल्या, मीही निघाले. विहीर अर्ध्या किलोमीटरवर, खाली उतारात. प्रत्येक कलमाला आठवड्यातून एक हंडा म्हटलं तर साठ कलमांचे साठ हंडे, म्हणजे रोजचे आठ-नऊ. डोक्यावर एकावर एक दोन घेतले तरी रोज चार-पाच फेऱ्या, चार-पाच किलोमीटर चाल, त्यात निम्मी वाट चढाची. घरच्या पिण्याचं पाणी वेगळं. मी एक हंडा घेऊन दोन फेऱ्या केल्या आणि मान धरली. मावशी म्हणाल्या, "झाड लावाय एक दिस लागतो, बाय. जगवाय तीन उन्हाळे लागतात."

त्या तीन उन्हाळ्यांतच सगळं ठरतं. मूळ खोल गेलं की झाड आपलं आपण बघून घेतं. पण नेमक्या याच महिन्यांत पाडे रिकामे होतात. दिवाळी झाली की माणसं वीटभट्टीवर जातात, भिवंडी-वसईकडे, नाहीतर नाशिकच्या द्राक्षबागांत, लेकरांसकट. घराला कुलूप, मग कलमाला पाणी कोण घालणार? त्यामुळे ज्या वाड्या जगल्या, तिथे कुणीतरी या तीन वर्षांच्या मजुरीचा विचार आधी केलेला आहे. राज्यात रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड 1990 पासून आहे. खड्डे खणणं, कुंपण, पाणी घालणं या कामांची मजुरी त्यातून मिळू शकते. मात्र ती वेळेवर हातात पडली नाही तर माणूस भट्टीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतो आणि निघून जातो. तुम्ही एखाद्या गटातर्फे मदत करणार असाल तर रोपांची संख्या विचारू नका. फेब्रुवारी ते मे या काळात त्या कुटुंबाच्या हाताला गावातच काम आहे का, ते विचारा.

पाणी वाचवायला मावशींनी प्रत्येक कलमाच्या आळ्यात मातीचं मडकं पुरलंय. बुडाला बारीक भोक, त्यात सुती चिंधीची वात, वर झाकण. हंडा त्यात ओतायचा, पाणी मुळाशी झिरपत राहतं. आळ्यावर वाळल्या पाल्याचं जाड आच्छादन असतं, तेही हात घालून बघा. खालची माती चक्क गार लागते. आणखी एक गोष्ट शिकले. कलमाच्या जोडाच्या खाली फुटवा आला की लगेच काढायचा. नाहीतर खालचा रायवळ, म्हणजे गावठी आंब्याचा, खुंट वाढतो, वरची केशरची काडी मरते, आणि पाच वर्षांनी कळतं की जगलं ते कलमच नव्हतं. पहिली तीन वर्षं आंब्याचा मोहोरही खुडतात. मावशींच्या नातवाला ते अजिबात आवडत नाही.

आगीची भीती मोठी. होळीनंतर गवत वाळतं, गुरं मोकाट सुटतात, कुठून तरी ठिणगी येते. वाडीभोवती गवत काढून जाळरेषा केलेली दिसेल. तिथून चालताना विडी-सिगारेट तर सोडाच, काडेपेटीसुद्धा बाहेर काढू नका.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या पाड्यावर बारा वर्षांची वाडी बघितली. काजूखाली सावली इतकी दाट की मधला नागलीचा पट्टा आता बंद झालाय. ती वाडी करणारे दादा आणि वहिनी गेली पाच वर्षं भट्टीवर गेलेले नाहीत, मुलगी दहावीला आहे. विहिरीजवळच्या दोन गुंठ्यांत त्यांनी मोगरा लावलाय. पहाटे कळ्या खुडतात आणि त्या दादरच्या फुलबाजारात जातात. मोगऱ्याने रोजचा पैसा येतो, हे खरं. पण ज्याला उन्हाळाभर पाणी आहे त्यालाच तो परवडतो. सगळ्यांना मोगरा लावा सांगत सुटू नका. कातकरी कुटुंबांकडे तर बहुतेकदा जमीनच नाही. वाडी त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि ही उणीव मला दोन्ही दिवस टोचत राहिली.

जाताना जुने कपडे, चॉकलेटं नेऊ नका. तांदूळ, डाळ, तेल असं घरात लागणारं न्या आणि जेवणाचे पैसे वेगळे द्या. आम्ही नागलीची भाकर आणि सुकटीची चटणी पोटभर खाल्ली. फोटो विचारून काढा; हंडा घेऊन चाललेल्या बाईचा तर नकोच. बचत गटाने फोडलेले काजूगर मिळाले तर तिथेच घ्या, घासाघीस न करता. टरफलातल्या चिकाने बायकांची बोटं भाजतात. ते हात बघितल्यावर भाव करावासा वाटत नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये परत जायचं ठरलंय, या वेळी आठ दिवसांसाठी, पाणी घालायला. काय आणू विचारलं तर मावशींनी जुन्या सुती साड्या सांगितल्या. मडक्यांच्या वाती वर्षभरात कुजतात, आणि नायलॉनची चिंधी पाणी धरत नाही.