अंतोनीच्या गुहेपर्यंत

वसईत संत अंतोनी म्हटलं की पादुआचा अंतोनी डोळ्यांपुढे येतो. त्याने फ्रान्सिस्कन संघात जाताना ज्याचं नाव घेतलं, तो हा इजिप्तचा अंतोनी, वाळवंटात एकांतात राहिलेला संन्यासी. त्याचा काळ 251 ते 356.

तांबड्या समुद्राकडच्या गलाला डोंगराच्या पायथ्याशी त्याच्या नावाचा कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती मंडळींचा, मठ आहे. झाफरानाहून आत वळलं की गाडी थेट दारात नेते. चालायचं उरतं ते तो राहत होता त्या गुहेपर्यंत: बाराशेच्या आसपास पायऱ्या, मठापासून 300 मीटर चढ. ईस्टरआधीच्या उपवासात मठ पाहुण्यांना बंद असू शकतो, म्हणून आधी विचारून घ्यावं.

आम्ही उजाडताच निघालो. नऊनंतर खडक तापतो आणि वाटेवर सावली जवळजवळ नाहीच. माणशी दीड लिटर पाणी घ्यावं, वर पाणी मिळेल असं धरून चालू नये. बहुतेक जण पहिल्या शंभर पायऱ्या झपाझप चढतात, मग धाप लागते, घटाघट पाणी पितात आणि पोटात कळ येते. पन्नास पायऱ्या, दोन मिनिटं थांबणं, दोन घोट. एवढा हिशेब पाळला की तासाभरात माणूस वर पोचतो.

हा हिशेब अंतोनीचाच म्हणायचा. एकांतात मन उडालं, काय करावं सुचेना, तेव्हा त्याला आपल्यासारखाच एक जण दिसला: बसून दोर वळतोय, उठून प्रार्थना करतोय, पुन्हा बसून दोर वळतोय. तो देवदूत होता, असं मठवासी सांगतात. वयाच्या विशीत मत्तय 19:21 (असेल ते विकून गरिबांना दे) ऐकून तीनशे अरुरा (इजिप्तचं जुनं जमिनीचं माप) जमीन सोडणारा हा माणूस, पण शिष्यांना जास्त ताणू देत नसे. धनुष्य सारखं ओढलं तर मोडतं, हे त्याने एका शिकाऱ्याच्याच तोंडून वदवलं होतं.

गुहेचं तोंड म्हणजे डोंगराची चीर. सातेक मीटरची बोळ, खांदे आडवे करूनच सरकायचं. पाठीवरची पिशवी अडकते, ती बाहेरच ठेवावी. समोरून कोणी आलं तर दोघांपैकी एकाला उलट्या पावली मागे जावं लागतं, म्हणून शिरण्याआधी हाक मारावी. आत छोटी वेदी, फटींत चिठ्ठ्या. समाधी शोधू नका: पुरल्याची जागा कुणाला सांगायची नाही, असं त्याने दोन शिष्यांना बजावलं होतं.

उतरताना गुडघे आणि पायाची नखं बोलतात. बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट बांधावी, पाऊल तिरकं टाकावं.

खाली मठाचा झरा अजून वाहतो. त्याचा चरित्रकार अथनासियसने लिहिलंय की अंतोनीने इथे पाहुण्यांसाठी भाजी लावली होती. पाण्यावर येणारी जनावरं वाफे तुडवत. त्याने एकाला हळूच धरून सगळ्यांना विचारलं: मी तुमचं काही बिघडवत नाही, मग तुम्ही माझं का बिघडवता?