या आठवड्यात कोण कोण धावलं

धावण्यासाठी मराठीत क्रियापदं किती कमी आहेत, हे मला क्लबचं बातमीपत्र लिहायला लागल्यावर कळलं. धावणे, पळणे, आणि संपलं. 'दौडणे' घोड्यांना शोभतं. 'पळणे' लिहिलं की आमच्यातल्या दोघांना राग येतो. त्यांचं म्हणणं, कुत्रा मागे लागला की माणूस पळतो; बुटांची नाडी नीट बांधून निघतो तेव्हा तो धावतो. हा भेद कुठल्या शब्दकोशात असेल असं वाटत नाही, पण क्लबात तो कडकपणे पाळला जातो. त्यामुळे दर रविवारी रात्री तीस-पस्तीस माणसांबद्दल एकच क्रियापद आलटूनपालटून वापरत मी एक पान भरते आणि ग्रुपवर टाकते. दहा मिनिटांत पहिली दुरुस्ती येते.

हे काम माझ्याकडे आलं ते टाचेमुळे. सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टेकलं की टाचेत खिळा घुसावा तसं व्हायचं. डॉक्टरांनी तळपायाच्या पट्ट्याला सूज आल्याचं सांगितलं आणि तीन महिने धावणं बंद केलं. क्लबातल्या लोकांना दुखापतग्रस्त माणूस रिकामा दिसला की राहवत नाही. "ताई, तुम्ही नुसत्याच बसणार आहात, तर बातम्या लिहा," असं ठरलं. 'नुसत्याच' हा शब्द मला लागला होता, पण पुढे कळलं की या बाबतीत माझे पूर्वज मोठे आहेत. पॉल सिंटन-ह्यूइट नावाच्या धावपटूने दुखापतीमुळे स्वतःला धावता येत नसताना लंडनच्या बुशी पार्कमध्ये मित्रांसाठी पाच किलोमीटरची धाव ठेवली. हेतू इतकाच, की त्या निमित्ताने मित्र भेटत राहतील. तारीख २ ऑक्टोबर २००४, धावणारे १३. कोण कितवा आला याचे बिल्ले म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर वापरले होते. त्यातूनच पुढे पार्करन, म्हणजे बागांमधल्या पाच किलोमीटरच्या मोफत सामूहिक धावा, हे सगळं उभं राहिलं आणि देशोदेशी पसरलं. माझ्या टाचेतून एवढं काही निघालं नाही. एक पान निघालं.

त्या पानावर छापण्यासारखं आठवड्यात काय घडतं? मंगळवारी इंटरव्हल (थोडं वेगात, थोडा दम खायचा, पुन्हा वेगात), गुरुवारी टेंपो (बराच वेळ एकाच दमवणाऱ्या वेगाने), रविवारी लाँग रन (लांबची, सावकाश धाव). पुढच्या आठवड्यात पुन्हा मंगळवारी इंटरव्हल. सुरुवातीला मी वर्तमानपत्राच्या क्रीडापानावरून शब्द उसने आणले. कुणी 'झंझावाती' धाव घेतली, कुणी 'बाजी मारली', एकाने दहा किलोमीटर ६८ मिनिटांत पूर्ण करून 'दमदार पुनरागमन' केलं. तो दमदारवाला दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "ताई, मी शेवटचे दोन किलोमीटर चालत होतो हो." त्यानंतर विशेषणं आटली. आता मी नाव, अंतर, वेळ लिहिते आणि एखादी ओळ जास्तीची. ती एक ओळ लिहायला मात्र बाकीच्या पानाहून जास्त वेळ जातो.

वेळेवरून जी भांडणं होतात ती धावणाऱ्या माणसालाच समजतील. आमच्यातले एक काका, वय सत्तरीच्या उंबऱ्यावर, अर्ध्या मॅरेथॉनला २ तास ४१ मिनिटं ९ सेकंद घेऊन आले. मी लिहिलं, २:४१:१६. फोन आला. आवाजात राग नव्हता, दुःख होतं. म्हणाले, "सात सेकंद कुठून आणलीस?" मी आयोजकांच्या यादीतला बंदुकीपासूनचा वेळ उचलला होता. म्हणजे बंदूक वाजल्यापासून काका गर्दीतून सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचेतोवर गेलेली सात सेकंदंही त्यांच्या माथी मारली होती. बुटावरच्या किंवा छातीच्या क्रमांकामागच्या चिपचा वेळ रेषा ओलांडल्यापासून मोजतात. त्यांचा खरा वेळ तो. मला आधी हसू आलं. पण अडीच तासांहून जास्त धावलेल्या माणसाला विचारून पाहा, त्यातली कुठली सात सेकंदं सोडून देशील म्हणून. प्रत्येक सेकंदात त्याने एक पाय उचललेला असतो.

अंतराचं भांडण त्याहून जुनं. "माझ्या घड्याळात ४२.७ आलं, म्हणजे रस्ता जास्त होता," असं प्रत्येक मॅरेथॉननंतर, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या धावेनंतर, कोणीतरी म्हणतंच. बहुतेक वेळा रस्ता बरोबर असतो. प्रमाणित मार्ग मोजायला सायकल वापरतात. तिच्या पुढच्या चाकाला फेरे मोजणारं छोटं यंत्र लावलेलं असतं, आणि मोजणारा शक्य तितक्या जवळच्या वाटेने, वळणाला कडेपासून साधारण ३० सेंटीमीटर आत राहून सायकल चालवतो. मार्ग कमी भरून कुणाचा विक्रम वाया जाऊ नये म्हणून दर हजार मीटरमागे एक मीटर मुद्दाम जास्तीचा धरतात, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनला सुमारे ४२ मीटर. बाकीचं आपण स्वतः वाढवतो. कुणाला ओलांडायला बाहेरून जातो, पाण्याच्या टेबलाकडे तिरके धावतो, ओळखीचा दिसला की हात मिळवायला रस्त्याच्या पलीकडे जातो. घड्याळ बिचारं उपग्रहांना विचारून अंदाजाने ठिपके जोडत असतं, उंच इमारती आल्या की भांबावतं. हे सगळं मी एकदा बातमीपत्रात समजावून लिहिलं. पुढच्या रविवारी पाहते तर एक गृहस्थ धाव संपल्यावर पार्किंगमध्ये गोल गोल फिरताहेत. घड्याळात ९.९४ होतं आणि ते १०.०० केल्याशिवाय त्यांना घरी जायचं नव्हतं. वाकून, मनगट डोळ्यांसमोर धरून, दोन स्कूटरच्या मधून. मी त्यांचं १०.०० लिहिलं.

बातम्या गोळा होतात त्या लाँग रनला. त्या दिवशी वेग असा ठेवायचा असतो की धावता धावता पूर्ण वाक्य बोलता यावं. तोंडातून एकेक शब्दच निघायला लागला तर वेग जास्त झाला असं समजायचं. माझ्यासारख्या बातमीदाराची यात मोठी सोय आहे. (टाच बरी झाल्यावर मी शेवटच्या घोळक्यात हळूहळू जाऊ लागले आहे.) पहिले तीन किलोमीटर सगळे कुरकुरतात. चौथ्याला ऑफिस येतं. सहाव्या-सातव्याच्या सुमारास मुलांचं शिक्षण, घराचे हप्ते. आणि दहाव्याच्या पुढे कधी कधी माणूस असं काही बोलतो की जे तो समोरासमोर बसून कधीच बोलला नसता. मला वाटतं, याचं कारण नजर. शेजारी धावताना दोघांचीही नजर रस्त्यावर असते. खड्डा बघायचा असतो, वळण बघायचं असतं, त्यामुळे एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही. एकीने मला अशाच एका सकाळी अकराव्या किलोमीटरला सांगितलं की तिची नोकरी जाऊन दोन महिने झालेत आणि घरी अजून माहीत नाही. मी काय बोलले असेन? "इथे डावीकडे," एवढंच. ती वळली, आम्ही आणखी पाच किलोमीटर गेलो, आणि वेग तिने थोडा वाढवला. त्या रात्री तिच्या नावापुढे मी लिहिलं: १६ किलोमीटर, शेवटचा टप्पा सर्वांत वेगात. हे छापून झाल्यावर तिने फक्त अंगठा पाठवला.

असं छापता न येणारं साहित्य माझ्याकडे दर आठवड्याला छापलेल्यापेक्षा जास्त साठतं.

दुखण्यांचा रकाना मात्र मी बंद केला. पोटऱ्या, गुडघ्याची बाहेरची बाजू, नडगी, काळं पडलेलं नख. धावणारी माणसं दुखण्याबद्दल नवीन आईबाप बाळाबद्दल बोलतात तितक्याच तपशिलाने बोलतात. दोन आठवडे तो रकाना छापला, तिसऱ्या आठवड्यात फोटो यायला लागले.

सगळ्यांत अवघड ओळ असते अर्धवट सोडणाऱ्याची. निकालाच्या यादीत त्याच्यापुढे तीन अक्षरं असतात, डीएनएफ. म्हणजे धाव पूर्ण केली नाही. आमचा एक तरुण गडी चार महिने तयारी करून पहिल्या मॅरेथॉनला गेला आणि ३२व्या किलोमीटरला पदपथावर बसला. तिथे असं व्हायचं कारण सरळ आहे. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर साधारण तिथवर संपत येते, आणि सुरुवातीला जोशात वेगाने गेलेल्याची आणखी लवकर संपते. पण कारण कळल्याने कुणाला बरं वाटत नाही. पुढचे दोन रविवार तो आला नाही, ग्रुपवर गप्प. काय लिहावं हे सुचेना, तेव्हा मी त्याची बातमी लिहिलीच नाही. त्या जागी शिझो कानाकुरींची लिहिली.

कानाकुरी हे जपानचे धावपटू. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये उन्हाने हैराण होऊन ते मधेच थांबले, वाटेवरच्या एका कुटुंबाने त्यांना सावलीत बसवलं, काही प्यायला दिलं, आणि ते कोणालाही न सांगता निघून गेले. अधिकाऱ्यांच्या लेखी ते हरवले. पुढे स्वीडनला कळलं की हरवलेले गृहस्थ मायदेशी सुखरूप आहेत, आणखी दोन ऑलिंपिक मॅरेथॉनही धावून बसलेत. १९६७ साली त्यांना धाव पूर्ण करायला बोलावणं गेलं. पंच्याहत्तर वर्षांचे कानाकुरी आले आणि त्यांनी रेषा ओलांडली. वेळ जाहीर झाली: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं, २०.३ सेकंद. मला त्यातलं '.३' फार आवडतं. अर्धशतक उलटून गेलं तरी कुणीतरी सेकंदाचा दशांश सोडला नाही. आमच्या काकांना ते नक्की पटलं असतं.

एवढंच लिहिलं, खाली काही टिप्पणी केली नाही. मंगळवारी तो गडी मैदानावर आला आणि मला म्हणाला, "माझ्याकडे अजून त्रेपन्न-चोपन्न वर्षं आहेत ना?" आणि चारशे मीटरचे आठ फेरे इतरांसारखेच कण्हत पूर्ण केले.

यादी कुठल्या क्रमाने छापायची, यावर मी बराच घोळ घातला. आधी वेगवान नावं वर. मग लक्षात आलं की वरची चार नावं वर्षभर बदलतच नाहीत, आणि ते चौघे बातमीपत्र वाचतही नाहीत. त्यांचं सगळं घड्याळात आणि ॲपमध्ये असतं. वाचतात ते खालचे. मग वर्णमालेने लावून पाहिलं, तर 'ह'वाल्या बाईंनी विचारलं की आयुष्यभर शाळेत शेवटी नाव आलं, इथेही तेच का? आता मी मैदानात पोचण्याच्या क्रमाने लावते. भल्या पहाटे अंधारात येऊन एकटेच हात-पाय ताणत उभे असतात, ते पहिले. या क्रमात काका वर्षभर पहिले राहिले.

आणि मग चार आठवडे ते यादीत नव्हतेच. पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं नाही, हे कबूल करायला हवं. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, गावाला गेले असतील. तिसऱ्या आठवड्यात ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "यादीत सगळ्यात वर काका दिसले नाहीत, चूक आहे का?" मी फोन केला. गुडघा. डॉक्टरांनी धावणं थांबवायला सांगितलं होतं, थोड्या दिवसांसाठी नव्हे, कायमचं. काका म्हणाले, "वाचतो मी दर रविवारी. गेल्या आठवड्यात दोन नावांत काना चुकलाय." मी म्हटलं, काका, तुम्ही नुसतेच बसलाय, तर येऊन वेळ तरी नोंदवा. बोलून गेल्यावर 'नुसतेच' कानावर आदळला. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "घड्याळ कुणाचं वापरायचं? तुमच्या त्या मोबाइलवर माझा विश्वास नाही."

परवाच्या रविवारी मी टाचेनंतर पहिल्यांदाच वेळ लावून पाच किलोमीटर धावले. शेवटचं वळण घेतलं तेव्हा काका खुर्चीत बसलेले, गळ्यात दोरीला लावलेलं जुनं स्टॉपवॉच, मांडीवर वही. रात्री स्वतःची बातमी स्वतः लिहिताना फार अवघडल्यासारखं झालं. 'ताईंचं पुनरागमन' लिहिलं, खोडलं. शेवटी लिहिलं: पाच किलोमीटर, ४१ मिनिटं. टाकलं ग्रुपवर.

चार मिनिटांत काकांचा निरोप आला. "४१:०६. वहीत आहे. कमी का लिहिलंस?"